बारा फ्रेमांच्या टप्प्यातली गावे

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत मी आजवर फिल्मच्या कॅमेऱ्याने चार वेळा टिपली आहे आणि मनासारखी ती अजून एकदाही मिळालेली नाही. कृष्णेच्या काठी, घाटाला लागून उभे असलेले हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. पावसाळ्यात नदी फुगली की पाण्याचा लोंढा थेट देवळावर येतो, हे बांधणाऱ्यांनी आधीच ओळखले होते. म्हणून त्यांनी मागची भिंत सपाट न ठेवता माशाच्या आकाराची, टोकाकडे निमुळती होत जाणारी अशी रचली. लोंढा त्या टोकावर फुटतो, दोन्ही अंगांनी वाटून जातो आणि देवळाला धक्का लागत नाही. बहुतेक लोक समोरून येतात, गणपतीचे दर्शन घेतात आणि परत फिरतात. या भिंतीकडे वळून पाहणारे थोडेच. मला मात्र या देवळात सर्वांत सुंदर काही वाटत असेल तर ती ही भिंत आहे.

चार खेपा वाया गेल्या असे मी म्हणणार नाही, पण त्या का घालाव्या लागल्या हे सांगायला हवे. माझा कॅमेरा आहे यशिका मॅट-१२४ जी. १९७० ते १९८६ या काळात जपानमध्ये बनलेला, दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून खाली पाहत वापरायचा हा कॅमेरा. १२० मापाच्या एका रोलवर त्यात सहा बाय सहा सेंटिमीटरच्या फक्त बारा फ्रेम येतात. रोलची किंमत, रसायने आणि स्कॅनिंग धरले तर एक फ्रेम मला शंभर रुपयांच्या आसपास पडते. त्याहून मोठी गोष्ट ही की, काय मिळाले आणि काय निसटले हे मला जागेवर कळत नाही. ते आठवडाभराने, कधी महिन्याने, रोल धुऊन दोरीवर लटकवला की कळते. चूक उमगते तेव्हा मी त्या जागेपासून दूर असते आणि ती सुधारायची तर पुन्हा तिथे जावे लागते. म्हणूनच माझ्या छायाचित्रणाचा नकाशा पुण्याभोवती शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत मिटतो. लडाखला किंवा राजस्थानला हा कॅमेरा घेऊन जावे असे मला आता वाटतही नाही, कारण तिथे एकदाच जाणे होईल. जिथे पाचव्यांदा जाता येते, तीच जागा फिल्मला मानवते.

जवळची ठिकाणे म्हणजे आधी पायाखालची. रविवारी सकाळी सात वाजता, दुकाने उघडण्यापूर्वी, मी घरून निघते आणि शनिवारवाड्याच्या पुढे कसबा पेठेतून सोमवार पेठेकडे चालत जाते. नागझरीच्या बाजूला, कमला नेहरू रुग्णालयाजवळच्या एका बोळात त्रिशुंड गणपतीचे देऊळ आहे. अठराव्या शतकातले हे छोटेसे देऊळ पूर्ण काळ्या दगडाचे आहे आणि त्याच्या दर्शनी भागावर इतके कोरीवकाम आहे की, पुण्यात दुसरीकडे कुठे तसे पाहायला मिळत नाही. द्वारपाल आहेत, हत्ती आहेत आणि साखळीने बांधलेला एक गेंडाही आहे. त्याला बांधणारे शिपाई युरोपीय वेशातले आहेत. गेंड्याचे शिल्प जमिनीपासून फार उंच नाही आणि पोटाशी धरायच्या कॅमेऱ्याला ते अगदी सोयीचे पडते. गुडघा टेकवून बसले की काचेवर गेंडा डोळ्यांच्या रेषेत येतो.

दगड कसा मोजायचा हे मला याच देवळाने शिकवले. प्रकाशमापक यंत्राला आपल्यासमोर काय आहे ते कळत नाही. समोर असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे असे धरून ते आकडा सांगते. काळ्या दगडासमोर धरले तर त्याला वाटते की इथे उजेड कमी आहे, आणि ते आपल्याला जास्त प्रकाश द्यायला सांगते. तसा दिला की दगड राखाडी, पिठूळ होऊन येतो आणि वरचे आकाश पांढरेफटक पडते. वाईच्या भिंतीची माझी पहिली खेप याच कारणाने फसली होती. बाराच्या बारा फ्रेमांत ती काळी, ओलसर भिंत सिमेंटच्या रंगाची झाली होती. त्यानंतर त्रिशुंडसमोर तीन रविवार मी एकच फ्रेम वेगवेगळ्या मापांनी घेतली आणि वहीत टिपून ठेवली. यंत्राने सांगितलेल्यापेक्षा दीड ते दोन टप्पे (एक टप्पा कमी म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कमी दिला की काळा दगड काळाच राहतो आणि छिन्नीच्या खुणाही दिसतात. स्वच्छ उन्हात तर मी यंत्र बाहेरच काढत नाही. चारशे आयएसओ संवेदनक्षमतेच्या फिल्मला, भिंगाचे छिद्र एफ/१६ एवढे लहान ठेवून, सेकंदाचा पाचशेवा भाग, हे जुन्या लोकांचे गणित आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या उन्हात सहसा चुकत नाही.

तिथून परत येताना तांबट आळी लागते. पेशव्यांच्या काळापासून इथे तांबटांची वस्ती आहे आणि घरांची संख्या कमी झाली असली, तरी हातोडीचा आवाज अजून येतो. तांब्याच्या भांड्यावर एकाला एक लागून, ओळीने ठोके पाडत जाण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्याने पत्रा घट्ट होतो आणि भांड्यावर उजेड खेळवणाऱ्या त्या लहान लहान वाटोळ्या खुणा उमटतात. एका घरात दोन भाऊ काम करत बसले होते. दार उघडे होते, आत उजेड इतकाच की भिंग पूर्ण उघडून, एफ/३.५ वर, सेकंदाचा तिसावा भाग कसाबसा मिळत होता. मी परवानगी मागितली तेव्हा थोरल्याने हातातले काम बाजूला ठेवले आणि विचारले, "ताई, त्या डब्यात दिसतं तरी काय?" मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने झाकण उचलून आत पाहिले आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. घासलेल्या काचेवर धाकटा भाऊ, त्याच्या मांडीजवळचा हंडा आणि वर-खाली होणारी हातोडी दिसत होती. पण या कॅमेऱ्यात डावे-उजवे उलटे दिसते. मग तो धाकट्याला म्हणाला, "अरे, तू डावखुरा झालास की!" धाकटा हसला, पण त्याचा हात थांबला नाही. ती फ्रेम माझ्याकडे आहे. हातोडी हललेली आहे, हंडा स्थिर आहे आणि ओळीतला शेवटचा ठोका बाकीच्या खुणांपेक्षा जरा जास्त चमकतो आहे. कॅमेरा डोळ्याला लावून कुणावर रोखायचा नसतो, मान खाली घालून पाहायचे असते. त्यामुळे समोरचा माणूस आखडत नाही, हे मी अनेकदा अनुभवले आहे.

बाबा या चालण्यात असतात, पण त्यांचा कॅमेरा वेगळा. त्यांच्याकडे आग्फा क्लिक थ्री आहे. भारतातच बनलेला हा प्लॅस्टिकचा डबा त्यांनी १९७२ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतला. भिंगाजवळ सूर्य आणि ढग अशी दोन चित्रे आहेत, ऊन असेल तर सूर्य आणि आभाळ असेल तर ढग, एवढेच काय ते ठरवायचे. फोकस करण्याची सोय नाही. तीन मीटरच्या पलीकडचे जे असेल ते नीट येते. रोल पुढे सरकवायचा तो मागच्या लाल खिडकीत पुढचा आकडा दिसेपर्यंत, आणि तो सरकवला नाही तरी बटण दाबले जातेच. आमच्या घरातल्या काळ्या कागदाच्या अल्बममध्ये १९७४ चा एक फोटो आहे. त्यात आई साडीचा पदर सावरून उभी आहे आणि तिच्या अंगातून पर्वतीच्या पायऱ्या वर चढत गेल्या आहेत. बाबा रोल सरकवायला विसरले आणि एकाच चौकटीवर दोन फोटो पडले. आईला तो कधी आवडला नाही, पण अल्बममधून काढून टाकायचे तिच्याही मनात आले नाही.

१२० चा रोल १९०१ पासून त्याच मापाचा आहे, त्यामुळे आजचा रोल बाबांच्या त्या डब्यात जसाच्या तसा बसतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघे पर्वतीला गेलो. आईचे गुडघे आता तिला एकशे तीन पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून ती खालीच, पहिल्या पायरीशी उभी राहिली. बाबांनी सूर्याचे चित्र लावले, कॅमेरा डोळ्याशी घट्ट धरला आणि बटण दाबले. लगेच आईचा प्रश्न आला, "अहो, सरकवला का?" बाबांनी चाक फिरवले, डोळे बारीक करून लाल खिडकीत पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "चार आला!" त्यानंतर प्रत्येक फोटोनंतर ते आकडा मोठ्याने सांगत राहिले. बारा फोटोंपैकी नऊ चांगले आले. कडांना थोडे मऊ, मध्यभागी स्पष्ट, अगदी जुन्या अल्बममधल्यासारखे.

लांबचा पल्ला असला की गाडी. पहाटे पाचला पुण्याहून निघाले की उजाडताना खंबाटकी घाट लागतो आणि तो ओलांडून थोड्या वेळाने सुरूर फाटा येतो. इथून वाईकडे वळले की जुन्या वडांची रांग सुरू होते. रस्तारुंदीकरणात या रस्त्यावरच्या वडांवर कुऱ्हाड येऊ नये असे मला मनापासून वाटते. त्यांच्या सावलीत भर सकाळीही तीन टप्पे उजेड कमी होतो. पारंब्यांतून रस्त्यावर पडणारे कवडसे आणि त्यांतून येणारा एखादा सायकलवाला, एवढे दृश्य मला पुरते. गाडीचा खरा उपयोग हाच, की ती हवी तिथे थांबवता येते. मागच्या सीटवर पेंटॅक्स के-१००० असतो, पस्तीस मिलिमीटरचा, छत्तीस फ्रेमांचा. १९७६ साली बाजारात आलेला हा कॅमेरा पूर्णपणे यांत्रिक आहे. बॅटरी लागते ती फक्त मापकाला, आणि तो बंद करायला कळच नाही. भिंगावर झाकण लावले की तो झोपतो. म्हणून झाकण विसरायचे नाही, हे मी गाडीत बसताना प्रत्येक वेळी स्वतःला बजावते. उन्हाळ्यात रोल गाडीत ठेवून देवळात जायचे नाही, हा दुसरा नियम. बंद गाडीतल्या उष्णतेने फिल्मचे रंग बिघडतात. रोल कापडी पिशवीत, पाण्याच्या बाटलीसोबत आणि नेहमी खांद्यावर.

वाईपासून जवळच मेणवली आहे. नाना फडणविसांचा वाडा, त्याचे सहा चौक आणि मागे कृष्णेवर उतरणारा घाट पुष्कळांना माहीत आहे, त्यामुळे त्याबद्दल फार लिहीत नाही. माझे पाय दरवेळी घंटेकडे वळतात. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतून आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी एक घाटावरच्या देवळांच्या आवारात टांगलेली आहे. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू यांची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. धातूवरचा हा उठाव फार उथळ आहे. समोरून उजेड पडला तर तो दिसेनासा होतो आणि बाजूने तिरपा पडला तरच आकृती उमटते. सकाळी एका ठरावीक वेळेला दगडी फरशीवरून परावर्तित झालेले ऊन खालून वर घंटेवर पडते. ते जेमतेम वीस मिनिटे टिकते. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा कॅमेऱ्यात एकही फ्रेम उरलेली नव्हती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तीन राखून ठेवल्या.

त्याच महामार्गावर पुढे, साताऱ्याच्या अलीकडे आत वळले की लिंब गावातली बारा मोटांची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळात, शके १६४१ ते १६४६ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली. इसवी सनात सांगायचे तर १७१९ ते १७२४. वरून पाहिले तर अष्टकोनी विहीर आणि तिला जोडलेला चौकोनी भाग मिळून शिवलिंगाचा आकार दिसतो. आत उतरणाऱ्या जिन्याच्या वर एक छोटा महालच बांधलेला आहे. मी तिथे दोन रोल घालवले. वरून घेतलेले फोटो कुणालाही मिळतील असे आहेत. जिन्याच्या तळाशी उभे राहून, कमानीतून पाण्याकडे पाहताना मात्र उजेड इतका मंद असतो की मापकाने दहा सेकंद सांगितले. इतक्या लांब वेळेला फिल्मची संवेदनक्षमता मंदावते. इल्फर्डच्या एचपी-५ ला मापकाने दहा सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात वीस द्यावे लागतात. तिपाई पायरीवर टेकवून, केबल रिलीजचे बटण दाबून मी मनात वीस मोजू लागले. बारा-तेराला वर कठड्यावरून पारवे उडाले आणि त्यांच्या पंखांचा आवाज विहिरीत घुमत खाली आला. निगेटिव्हवर पारवे नाहीत. वीस सेकंदांत ते इतके हलले की त्यांची खूणही उरली नाही. पाणी मात्र काचेसारखे झाले आहे आणि त्यात वरची कमान पुरी उतरली आहे.

आता दुसऱ्या खेपेविषयी. वाईच्या भिंतीचा दुसरा रोल मी एका लॅबमध्ये धुवायला दिला होता. निगेटिव्ह परत आले तेव्हा बाराही फ्रेमांच्या मधोमध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकच सरळ ओरखडा होता. यंत्रात कुठेतरी धुळीचा कण अडकला असावा. मला त्या दिवशी फार वाईट वाटले, कारण माप बरोबर होते, ऊन तिरपे होते आणि घाटावर कपडे वाळत घातलेले नव्हते. ते ऊन आता परत आणता येणार नव्हते. त्यानंतर मी काळेपांढरे रोल घरी धुवायला शिकले.

त्यासाठी डार्करूम लागत नाही. काळ्या, दुहेरी अस्तराच्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालायचे, आत रोल सोडवून तो चक्रीवर चढवायचा आणि चक्री टाकीत बंद करायची. पुढचे सगळे उजेडात होते. डी-७६ हा विकासक, म्हणजे चित्र उमटवणारे रसायन, निम्मे पाणी घालून, वीस अंशाला अकरा मिनिटे. दर मिनिटाला दहा सेकंद टाकी हळुवार उलटी-सुलटी करायची. मग चित्र पक्के करणारा फिक्सर, मग भरपूर पाणी. यात सगळे वीस अंशांवर अवलंबून आहे, आणि मे महिन्यात पुण्यातल्या नळाचे पाणी तीस अंशांच्या घरात असते. तिसऱ्या खेपेचा रोल मी त्या पाण्यात, वेळ कमी न करता धुतला. निगेटिव्ह इतके दाट आले की दिव्यासमोर धरूनही भिंत दिसेना. आता उन्हाळ्यात मी बादलीत बर्फ घालून बाटल्या तासभर बुडवून ठेवते आणि तापमापक अंश न अंश पाहूनच सुरुवात करते. टाकी उघडून चक्रीवरून ओली फिल्म उलगडताना पहिल्यांदा ज्या उलट्या आकृती दिसतात, म्हणजे काळे आकाश, पांढरा दगड, ती घटका मला अजूनही एखाद्या पत्राची घडी उलगडण्यासारखी वाटते.

चौथी खेप यंदाच्या जानेवारीतली. त्या वेळी काहीही चुकले नाही. नदीवर धुके होते, ते विरता विरता ऊन भिंतीच्या एका अंगावर आले आणि निमुळते टोक उजेड व सावलीच्या मधोमध उभे राहिले. माप दगडावरून घेऊन दोन टप्पे कमी केले, रोल घरी धुतला, पाणी बरोबर वीस अंश होते. बाबांनी प्रिंट हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "छान आलाय गं. पण पाणी कुठे आहे?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. जानेवारीत कृष्णा भिंतीपासून दूर, खाली वाहत असते. ज्या कामासाठी ती भिंत तशी बांधली, ते काम माझ्या चारही रोलांत कुठेच नाही. मी दगडाचा पोत, उजेड आणि सावली यांच्या मागे होते आणि भिंत मात्र पाण्याची वाट पाहत उभी होती. ढोल्या गणपतीच्या भिंतीवर पाणी फुटताना पाहायचे तर जुलै-ऑगस्टमध्ये जायला हवे. आभाळ भरलेले असेल, उजेड कमी असेल, चारशेची फिल्म आठशेची समजून वापरावी लागेल आणि घाटावर उतरता येणार नसल्यामुळे पलीकडच्या काठावरून किंवा पुलावरून टिपावे लागेल. पुलावरून ऐंशी मिलिमीटरच्या भिंगात देऊळ लहान येईल, हे मी जानेवारीतच काचेवर पाहून ठेवले आहे. काठावर एक जागा हेरून ठेवली आहे, तिथे पाणी चढले नाही तर ती सर्वांत चांगली.

वाईच्या वरच्या अंगाला धोम धरण आहे आणि कृष्णेला किती पाणी येणार हे बरेचसे तिथून सोडलेल्या विसर्गावर ठरते. बाबा रोज सकाळी वर्तमानपत्रात साताऱ्याच्या पानावर तो आकडा पाहतात आणि मला सांगतात. काल घाटमाथ्यावर पावसाचा जोर होता, पण दरवाजे उघडलेले नाहीत. यशिकात नवा रोल भरला आहे, पिशवीत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकल्या आहेत आणि गाडीच्या डिकीत छत्री आहे. क्लिक थ्रीवर बाबांनी ढगाचे चित्र लावून ठेवले आहे.